कक्ष क्रमांक दोनमधला अंधार

सुदर्शन खळदकरांचं उजेडाशी वैर सुरू झालं ते वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. तोपर्यंत उजेडाने त्यांचं काही वाकडं केलं नव्हतं आणि त्यांनीही खात्यात फारसा उजेड पाडलेला नव्हता. सव्वीस वर्षांच्या नोकरीतली चौदा वर्षं त्यांनी पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या पलीकडे, उसाच्या फडांना लागून असलेल्या एका छोट्या मत्स्यबीज उपकेंद्रात काढली. माशांची अंडी उबवायची, त्यातून निघालेली जिऱ्याएवढी पिल्लं बोटाएवढी होईपर्यंत सांभाळायची आणि तलाववाल्यांना द्यायची, एवढंच तिथलं काम. जिऱ्याएवढ्या पिल्लांना खात्यात जिरेच म्हणतात आणि बोटाएवढ्यांना बोटुकली. जिऱ्याची बोटुकली होता होता जी मरतात, त्यांना काही नाव नाही. त्यांचा फक्त आकडा असतो.

खळदकरांचा आकडा वाईट होता. त्यांच्याकडे मरळ होती, आणि मरळ चवीला राजा असली तरी स्वभावाने कसाई. शंभर जिऱ्यांतली ऐंशी मरायची, त्यातली निम्मी एकमेकांच्या पोटात जायची. "घरचेच घरच्यांना खातात, यात नवीन काय?" असं खळदकर केंद्र बघायला आलेल्यांना सांगायचे. पाहुणे हसायचे. खळदकर हसायचे नाहीत, कारण पर्वती पायथ्याच्या फ्लॅटवरून त्यांचा सख्ख्या भावाशी अबोला होता.

मग शेजारी 'प्रभातकिरण' आलं. उसाचा फड गेला, बावीस मजली चार इमारतींचे खड्डे खणले गेले, आणि इमारतींच्या आधी त्यांचा फलक उभा राहिला. फलकावर एक जोडपं, एक मूल, एक कुत्रा आणि मोठ्या अक्षरांत 'लेक व्ह्यू'. लेक म्हणजे खळदकरांची तीन शेवाळलेली तळी. फलकाला बारा दिवे होते. ते दिवेलागणीला लागायचे ते सकाळी सफाईवाले येईपर्यंत जळायचे, आणि त्यांचा सगळा झोत फलकावरून घसरून खळदकरांच्या पिल्लांच्या शेडमध्ये पडायचा. पिल्लांना चोवीस तास दिवस झाला. चोवीस तास ती एकमेकांना बघायची, आणि मरळीने मरळीला बघितलं की पुढे काय होतं हे सांगायला नको. जगणाऱ्यांचा आकडा विसावरून अकरावर आला.

खळदकरांनी बिल्डरला पत्र लिहिलं: 'आपल्या फलकामुळे आमच्या माशांना झोप मिळत नाही.' चार दिवसांत उत्तर आलं: 'आपल्या माशांना पडदे लावावेत.' खाली कोणातरी कुलकर्ण्याची सही होती. खळदकरांनी ते पत्र दोनदा वाचलं. आपल्या तोडीचा माणूस समोरच्या बाजूला नोकरीला आहे याचं त्यांना वाईट वाटलं, आणि मग रागाच्या भरात त्यांनी खरोखरच पडदे लावले.

खाद्याचं एक जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. त्याच्या खिडक्या त्यांनी विटांनी बुजवल्या, कौलांखाली काळं प्लास्टिक ताणलं, दाराच्या आत दुसरं दार आणि त्याच्या आत घोंगडी टांगली. मधोमध पिल्लांची सिमेंटची टाकी बांधली. आत शिरलं की स्वतःचा हात दिसत नसे. दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: 'कक्ष क्रमांक दोन. आत अंधार आहे. तो मुद्दाम केलेला आहे. दिवा लावून खात्री करू नये.'

आता अशा अंधारात पिल्लांना खायला घालायचं म्हणजे अंदाजाचं काम. सकाळी ते खळदकर स्वतः करत. संध्याकाळचं खाद्य मालनबाईंकडे होतं, कारण पावणेसहा वाजले की खळदकर स्वारगेटची बस धरत, आणि ती बस त्यांनी चौदा वर्षांत ना माशासाठी चुकवली होती ना माणसासाठी. मालनबाई केंद्राच्या मागच्या खोलीत राहायच्या. झाडलोट, टाक्या घासणं, खाद्य घालणं, सगळं त्यांच्याकडे. गळ्यात तुळशीची माळ होती आणि मासळी त्यांच्या घरात सात पिढ्यांत शिजली नव्हती. माशांच्या केंद्रात नोकरी मिळाली तेव्हा त्यांनी आधी देवाला विचारलं होतं, आणि देव म्हणाला होता की खाऊ नको, खायला घालायला हरकत नाही.

खळदकरांनी त्यांना धडा दिला. "दारापासून अकरा पावलं. डावा हात भिंतीला. मग टाकीचा काठ लागेल. तीन वाट्या खाद्य सावकाश सोडायचं. डोळे मिटून जमलं पाहिजे, मालनबाई."

"डोळं आन् नाक दोन्ही मिटूनच करती मी, साहेब," मालनबाई म्हणाल्या.

जुलैत पहिली खेप निघाली. पिल्लं बादल्यांतून बाहेर उन्हात आणून पांढऱ्या टबात मोजली. खळदकरांनी मोजली, मग कारकुनाने मोजली, मग पुन्हा खळदकरांनी मोजली. शंभरातली चौसष्ट जगली होती. आणि नुसती जगली नव्हती. अंगाने भरलेली, लालसर, एकमेकांच्या शेपट्या शाबूत ठेवून पुंजक्याने फिरणारी पिल्लं होती. खळदकर टबाच्या काठाशी उकिडवे बसले ते बराच वेळ उठले नाहीत. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून पहिल्यांदाच काहीतरी मेलं नव्हतं.

मग जे व्हायचं ते झालं. माणसाला एक गोष्ट सापडली की तो तिचं तत्त्वज्ञान करतो. खळदकरांनी बावीस पानी अहवाल लिहिला. 'पूर्ण अंधार संगोपन पद्धत' असं नाव दिलं आणि सहकारी तिला 'खळदकर पद्धत' म्हणायला लागले तेव्हा त्यांनी फक्त एकदाच नको म्हटलं. अहवालात वाक्य होतं: 'एका क्षणाचा प्रकाशही पिल्लांना घातक ठरतो.' हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते घरीही म्हणायला लागले आणि बसल्या खोलीतला दिवा घालवायला लागले.

"अंधारात कोणी कोणाला दिसलं नाही की भांडण होत नाही, एवढं शोधायला सव्वीस वर्षं लागली?" त्यांच्या पत्नी कल्याणीबाई म्हणाल्या. "मी संध्याकाळची स्वयंपाकघरात का बसून असते असं वाटलं तुम्हाला?"

अहवाल मुख्य कार्यालयात उपायुक्त नम्रता गजभिये यांच्याकडे गेला. बाई नागपूरकडच्या, बोलायला मोजक्या, आणि वाचलेल्या कागदावर पेन्सिलीने खुणा करणाऱ्या. खात्यात असा अधिकारी विरळा, म्हणून सगळे त्यांना घाबरून असायचे. त्यांनी खळदकरांना बोलावून घेतलं.

"एकदा झालं तो योगायोग," त्या म्हणाल्या. "दोनदा झालं तर पद्धत. दुसरी खेप मी स्वतः येऊन मोजणार. आणि आणखी एक सांगते. तुमचं केंद्र हलवून जागा मोकळी करण्याची फाइल माझ्या टेबलावर आहे. ती बंद करायला मला कारण हवंय. ते तुम्ही द्या."

खळदकर तिथून उतरले ते जिन्यावर मनाशी हिशेब मांडतच. केंद्र हललं तर त्यांची बदली ठरलेली. पण खरं सांगायचं तर बदलीची त्यांना तेवढी धास्ती नव्हती. पाच वर्षांनी निवृत्त होताना निरोपसमारंभात लोक काय बोलतील, याची होती. 'खळदकर वक्तशीर होते' एवढंच बोलतील, ही ती भीती. आता बोलायला एक पद्धत मिळाली होती, आणि ती त्यांना मरेपर्यंत हवी होती.

ऑगस्टात दुसरी खेप टाकीत सोडली. यावेळी काहीही नशिबावर सोडायचं नाही असं खळदकरांनी ठरवलं. संध्याकाळची ड्यूटी स्वतःकडे घेतली. चौदा वर्षांत पहिल्यांदा पावणेसहाची बस त्यांच्याशिवाय गेली, तेव्हा कंडक्टरने म्हणे क्षणभर थांबून पाहिलं. मालनबाईंना ते म्हणाले, "पहिल्या खेपेला तुम्ही बरंच केलंत. आता संध्याकाळी आराम करा. हे बक्षीस समजा."

बक्षिसाने मालनबाईंचा चेहरा उतरलेला दिसला, पण खळदकरांना चेहरे वाचायची सवय नव्हती. ते माशांचे डोळे बघायचे, कल्ले बघायचे.

चौथ्या दिवशी पिल्लं मरायला लागली. सकाळी टाकीच्या पाण्यात हात फिरवला की बोटांना मऊ, हलकं काहीतरी लागायचं. बाहेर उजेडात आणून पाहिलं की पिल्लू खंगलेलं दिसायचं, पोट आत गेलेलं. घातलेलं खाद्य तळाशी तसंच कुजत पडलेलं. खळदकरांनी विचार केला: कुठूनतरी उजेड शिरतोय. दुसरं काय असणार? त्यांनी कुलपाचं भोक मेणाने बुजवलं. पाचव्या दिवशी आणखी मेली. त्यांनी घोंगडी दुहेरी केली. सहाव्या दिवशी आणखी. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं, कारण त्याचे काटे अंधारात हिरवट चमकायचे. सातव्या दिवशी चष्माही बाहेर ठेवला. काचेवर उजेड साठून आत येत असेल की काय, असं त्यांना वाटायला लागलं होतं. पिल्लं जितकी मरत होती तितका ते अंधार वाढवत होते, आणि अंधार जितका वाढत होता तितकी पिल्लं मरत होती. पण असली गोष्ट बाहेरच्याला दिसते, ज्याची पद्धत असते त्याला दिसत नाही.

आठव्या दिवशी सकाळी ते कक्षाच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. समोर परातीत मेलेली पिल्लं. मालनबाई केरसुणी घेऊन आल्या, परातीत डोकावल्या आणि मटकन खाली बसल्या.

"अगं बया. उपाशी मेली की हो लेकरं," त्या म्हणाल्या.

"उपाशी कशी? रोज तीन वाट्या घालतोय मी."

"दिवा लावता ना सांजचा?"

खळदकरांनी मान वर केली. "कसला दिवा?"

मालनबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण बोलायला नको होतं. पण बाण सुटला होता. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "निरंजन हो. तेलाचं. तिन्हीसांजेला घरात अंधार ठिवू न्हाई म्हणत्यात. लक्षुमी दारात येती ती माघारी जाती. आन् हितं तर एवढी लेकरं आतमधी. मी आपली रोज लावायची. खायाला घालायची, मंग वात जळंस्तोवर बसायची. कशी वर यायची सगळी! टपाटपा खायाची. वात इझली की गपगार. दिवा असल्याबिगर ती वर येतच न्हाईत, साहेब."

खळदकरांच्या डोळ्यांपुढे बावीस पानं फडफडली. 'एका क्षणाचा प्रकाशही.' क्षणाचा कसला, रोज तासभर जळायचा तो दिवा. दिवसभर अंधार म्हणून पिल्लं एकमेकांना दिसत नव्हती, चावत नव्हती. आणि संध्याकाळी मंद उजेड म्हणून त्यांना खाद्य दिसत होतं, पोटं भरत होती. दिवा विझला की दिवस संपला, एवढं साधं त्यांचं घड्याळ होतं, आणि ते घड्याळ एका माळकरी बाईने लक्ष्मीसाठी लावून दिलं होतं. खळदकरांनी तेच काढून घेतलं होतं, वर त्याला बक्षीस म्हटलं होतं.

"पाटी वाचली नव्हती तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मला कुठं येतंय वाचाया?"

वास कसा आला नाही मला, असं खळदकर स्वतःला विचारत राहिले. पण त्यांना बारमाही सर्दी होती. आणि दिसलं कसं नाही? तर आत दिवा लावायला त्यांनीच बंदी केली होती.

त्या दिवशी त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. अहवाल मागे घ्यायचा, किंवा पिल्लं मरू द्यायची. खळदकर सरकारी नोकरीत सव्वीस वर्षं घासून निघाले होते, त्यामुळे त्यांना तिसरा रस्ता सापडला.

"मालनबाई," ते म्हणाले, "आजपासून संध्याकाळची ड्यूटी पुन्हा तुमची. मी पावणेसहाला जातो. त्यानंतर इथे काय होतं, ते मला माहीत नाही."

"म्हंजी लावू का नको?"

"मी म्हटलं, मला माहीत नाही."

मालनबाईंना ते कळलं. गरीब माणसाला साहेबांची भाषा लवकर कळते. संध्याकाळी पावणेसहाची बस खळदकरांना घेऊन गेली आणि सात वाजता कक्ष क्रमांक दोनमध्ये निरंजन लागलं. दोन दिवसांत परात रिकामी राहायला लागली.

मोजणीला गजभिये मॅडम आल्या. तोवर गेलेली काही परत येणार नव्हती, तरी शंभरातली एकेचाळीस निघाली. नेहमीच्या दुप्पट. "मागच्या वेळेपेक्षा कमी का?" त्यांनी विचारलं. "हवामान," खळदकर म्हणाले. हवामान हे उत्तर खात्यात कधी वाया जात नाही. मॅडमनी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. सगळी पिल्लं बाहेर आली होती, टाकी रिकामी होती, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता आत जाऊन बघते. आता उजेडाने काही बिघडणार नाही ना?" आणि त्यांनी मोबाइलचा दिवा लावला.

अंधार केल्यापासून खळदकरांनी आपला कक्ष तेव्हा पहिल्यांदा पाहिला. टाकीच्या काठावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती. कोपऱ्यात जळक्या काड्यांचा ढीग होता. भिंतीत एक कोनाडा होता, त्यात तेलाचा चिकट डाग होता, आणि कोनाड्यापासून पार कौलापर्यंत काजळीचा काळा पट्टा गेलेला होता. पूर्ण अंधाराच्या खोलीत दिव्याची काजळी. दाराशी मालनबाई उभ्या होत्या. त्या जमिनीकडे बघत होत्या.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

हीच ती वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं: 'मॅडम, रोज संध्याकाळी ह्या बाई इथे दिवा लावतात आणि म्हणून पिल्लं जगतात.' केंद्र वाचायचं ते वाचलंच असतं, कारण आकडा खरा होता. फक्त पद्धत खळदकरांची उरली नसती. वाक्य त्यांच्या जिभेपर्यंत आलं. मग त्यांना निरोपसमारंभ दिसला.

"जुनं आहे," ते म्हणाले. "गोदाम होतं तेव्हाचं. वीज नव्हती."

मॅडमनी काजळीवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, खळदकरांकडे पाहिलं. त्यांनाही फाइल बंद करायला कारण हवंच होतं. भेटीच्या शेऱ्यात त्यांनी एवढंच लिहिलं: 'कक्षाची भिंत रंगवून घ्यावी.'

भिंत रंगवली. केंद्र वाचलं. प्रभातकिरणवाल्यांच्या कुलकर्ण्याने 'अभिनंदन. पडदे उपयोगी पडले हे वाचून आनंद झाला' असं पत्र पाठवलं, ते खळदकरांनी फाडून टाकलं. आणि उन्हाळ्यात परिपत्रक निघालं. राज्यातल्या मरळ संगोपन केंद्रांनी यंदाच्या हंगामापासून पूर्ण अंधार पद्धत काटेकोरपणे राबवावी. सोबत खळदकरांच्या पाटीचा मजकूर जोडला होता, तोही काटेकोरपणे लावायचा होता. खळदकरांनी परिपत्रकाची प्रत कार्यालयात काचेखाली ठेवली. मालनबाई रोज ती काच पुसत. कागदावर काय लिहिलंय ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि खळदकरांनी कधी सांगितलं नाही. इथे मात्र रोज सात वाजता निरंजन लागत होतं, आणि मांजरीचा आकडा साठाच्या खाली येत नव्हता.

जुलै सरता सरता मुख्य कार्यालयातून एक टपाल आलं. पूर्वेकडच्या एका केंद्रात पद्धत राबवूनही शंभरातली सहाच पिल्लं जगली. तिथल्या अधिकाऱ्याला नोटीस गेली आहे. अंधार राखण्यात त्याने हयगय केली असावी काय, याबाबत पद्धतीचे जनक या नात्याने आपला अभिप्राय द्यावा. जनक हा शब्द वाचून खळदकरांना पूर्वी बरं वाटलं असतं. अधिकाऱ्याचं नाव संपत मेश्राम होतं. हा पोरगेलासा अधिकारी दहा वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताखाली शिकून गेला होता. मोजणीत एक पिल्लू चुकलं तर पहिल्यापासून मोजणारा माणूस.

अभिप्रायाचा कागद टेबलावर होता आणि संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, तेवढ्यात संपतचाच फोन आला.

"सर, त्रास देतोय," तो म्हणाला. "तुमच्या पद्धतीत काही चूक नाही जी, माझंच कुठंतरी चुकतंय. मला फक्त सांगा, कुठं. भोकं बुजवली. दार दुहेरी केलं. मी तर घड्याळ पण काढून आत जातो."

"आधी किती जगायची तुझ्याकडे?" खळदकरांनी विचारलं.

"आधी पन्नासच्या वर, सर. तुमचं पाहून मागच्याच वर्षी मी एक खोली काळी केली होती. चांगली जगत होती. पण तेव्हा माझी शिस्त ढिली होती. आमच्या इथं कांताबाई आहेत, खाद्य घालायच्या. मला मागून समजलं, त्या रोज दिवेलागणीला आत दिवा लावायच्या. परिपत्रक आल्याबरोबर मी बंद केलं. बाई रडल्या सर. म्हणाल्या, लेकरं अंधारात आहेत. पण मी काही ऐकलं नाही. पाटी दाखवली तुमची."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. पावणेसहा. खळदकर जागचे हलले नाहीत. त्यांना स्वतःची लाज वाटली, साधी, लहानपणी चोरी पकडल्यावर वाटते तशी लाज. एक दिवा त्यांनी लपवला होता, आणि त्यापायी राज्यभरच्या किती बायांनी किती कोनाड्यांतले दिवे विझवून टाकले असतील याचा आकडा कुठल्याच अहवालात येणार नव्हता.

"संपत," ते म्हणाले, "दिवा लाव."

"काय सर?"

"त्या बाईंना बोलाव आणि दिवा लावायला सांग. आजच. दिवा लागला की खाद्य घालायचं, मग वात जळेपर्यंत बसायचं."

"पण सर," संपत चाचरत म्हणाला, "परिपत्रकात तर... मला आधीच नोटीस आहे. मी दिवा लावला आणि कोणी पाहिलं तर? तुम्ही लेखी द्याल का?"

खळदकरांच्याच हाताखाली शिकलेला होता तो. दुसरं काय विचारणार?

"देतो," खळदकर म्हणाले आणि फोन ठेवला.

अभिप्रायाचा कागद त्यांनी पुढे ओढला. 'विषय' लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते तासभर सुचेना. मग त्यांनी काच उचलली, खालचं परिपत्रक काढलं, त्याची घडी घालून खणात ठेवलं, आणि लिहायला लागले. मेश्राम यांची हयगय नाही. हयगय निम्नस्वाक्षरीकाराची आहे. पहिल्या व दुसऱ्या खेपेतील पिल्ले पूर्ण अंधारात वाढलेली नसून, सदर कक्षात रोज सायंकाळी दिवा लावण्यात येत होता, आणि ही बाब भेटीच्या वेळी विचारणा होऊनही दडवण्यात आली. सदर दिवा लावण्याची पद्धत माझी नसून ती श्रीमती

इथे पेन थांबलं.

दाराशी मालनबाई उभ्या होत्या. हातात निरंजन, तेलाची बुधली. सात वाजत आले होते, आणि साहेब अजून खुर्चीत बघून त्या दचकल्या होत्या. साहेब असताना दिवा लावायचा की नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी निरंजन पदराआड केलं.

"मालनबाई," खळदकर म्हणाले, "तुमचं पूर्ण नाव काय?"

अकरा वर्षं त्या इथे काम करत होत्या. मालनबाईंनी त्यांच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं, समोरच्या सरकारी कागदाकडे पाहिलं, आणि पदराआडचा हात आणखी आत ओढला.

"मेमो देताय व्हय, साहेब?" त्या म्हणाल्या. "उद्यापासून न्हाई लावायची मी."